थोपटणें

तंबाखू मळणाऱ्या माणसाला अनोळखी मनुष्याशीं ओळख करून घेण्यासाठीं हवापाण्याच्या गोष्टी काढाव्या लागत नाहींत. डाव्या तळहातावर चिमूटभर तंबाखू, तिच्यावर नखाच्या टोंकानें लावलेला चुना, उजव्या अंगठ्याचे पन्नास-साठ फेरे, आणि शेवटीं उजव्या हाताच्या बोटांनीं डाव्या तळव्यावर दिलेल्या दोन-तीन थापा, एवढा विधि पुरा होईतों शेजारच्या गृहस्थाचा हात आपोआप पुढें आलेला असतो. त्या थापांनीं तंबाखूंतली धूळ उडते, पलीकडच्या बांकावरच्या बाईला शिंक येते, आणि ज्याचें नांव-गांव आपणांस ठाऊक नाहीं अशा माणसाशीं आपलें एका चिमटीचें नातें जुळतें. मनमाडच्या गाडींत, लग्नाच्या मांडवामागें, स्मशानाच्या कट्ट्यावर, इतकेंच काय पण जमिनीच्या दाव्यांत कोर्टाच्या व्हरांड्यांत प्रत्यक्ष प्रतिवादीबरोबरहि हा विधि मीं केला आहे; आणि तो चौतीस वर्षें केला आहे. त्या थापेचा आवाज मला टाळ्यांच्या कडकडाटापेक्षां गोड वाटे.

आणि मी होतों शाळामास्तर! शैक्षणिक संस्थेपासून शंभर यार्डांच्या आंत तंबाखू विकूं नये असा २००३ सालचा कायदा आहे, आणि तशी पाटी शाळेच्या फाटकावर लावावी लागते. आमच्या शाळेची पाटी रंगवून घेण्याचें काम मुख्याध्यापकांनीं माझ्याकडे सोंपविलें, कारण माझें शुद्धलेखन चांगलें. रंगाऱ्यानें शेवटची वेलांटी काढली, ब्रश पुसला आणि नम्रपणें विचारलें, "सर, थोडी आहे का?" पाटी वाळेपर्यंत आम्ही दोघे तिच्याखालींच उभे होतों. दोघांच्याहि तोंडांत बार असल्यामुळें संभाषण मात्र होऊं शकलें नाहीं.

हें व्यसन आमच्या मुलखाला नवें नाहीं. पोर्तुगीजांच्या गलबतांतून तंबाखू दक्षिणेंत उतरली, आणि सतराव्या शतकाच्या आरंभीं असद बेग नांवाचा अकबराचा एक दरबारी ती विजापुराहून आग्र्यास घेऊन गेला. हकीम नको नको म्हणत असतां बादशहानें दोन-तीन झुरके घेतले, असें त्यानेंच लिहून ठेविलें आहे. म्हणजे उत्तरेच्या दरबाराला ही चटक लावण्याचा मान दख्खनकडे जातो. त्यानंतर थोड्याच वर्षांनीं, १६१० सालीं, मलिक अंबरानें खडकी या नांवानें आमचें शहर वसविलें; तें पुढें औरंगाबाद झालें आणि २०२३ पासून छत्रपती संभाजीनगर म्हणून ओळखलें जातें. १६१७ सालीं जहांगीरानें तंबाखूस मनाई केली, आणि २०१२ सालीं महाराष्ट्र शासनानें गुटख्यास. दोन फर्मानांमध्यें ३९५ वर्षांचें अंतर आहे; परिणामांत मला फारसें अंतर दिसत नाहीं. २०१६-१७ सालच्या देशव्यापी पाहणींत महाराष्ट्रांतल्या प्रौढांपैकीं शेंकडा चोवीसांहून अधिक माणसें धूर न काढतां तंबाखूचें सेवन करणारीं निघालीं, म्हणजे दर चौघांत जवळजवळ एक. आमच्या शिक्षकांच्या खोलींत हें प्रमाण दर चौघांत तीन असें होतें, आणि चौथे गृहस्थ तपकीर ओढीत.

असो. दोन वर्षांपूर्वीं खालच्या दाढेचें दुखणें घेऊन मी दंतवैद्याकडे गेलों. त्यांनीं दाढ पाहिली, मग खालचा ओठ ओढून दिव्याखालीं धरला, आणि बराच वेळ ते कांहींच बोलले नाहींत. ज्या कोनाड्यांत मी चौतीस वर्षें चिमूट ठेवीत आलों होतों, तेथें पांढरा चट्टा उठला होता. चुना फासल्यासारखा, पण बोटानें पुसून न जाणारा. असा चट्टा म्हणजे कर्करोग नव्हे, परंतु त्याची पहिली पायरी ठरूं शकतो, हें त्यांनीं शांतपणें सांगितलें. एक लहानसा तुकडा काढून तपासावयास पाठविला. अहवाल येण्यास नऊ दिवस लागले. त्या नऊ दिवसांत मीं जितकी तंबाखू खाल्ली तितकी पूर्वीं कधींच खाल्ली नव्हती. हें वाचून ज्या वाचकांना आश्चर्य वाटेल त्यांनीं आपणांस कसलेंहि व्यसन नाहीं असें खुशाल समजावें. ज्यांना वाटणार नाहीं, त्यांच्याशींच मला पुढें बोलावयाचें आहे.

अहवाल बरा आला. "आज कांहीं नाहीं," डॉक्टर म्हणाले, आणि 'आज' या शब्दावर त्यांनीं जो भार दिला तो माझ्या व्याकरणी कानांतून सुटला नाहीं. दर तीन महिन्यांनीं तोंड दाखवावयास यावयाचें, आणि तंबाखू या घटकेपासून बंद.

बंद! हा शब्द मला नवा नव्हता. गुढीपाडव्याला मीं तंबाखू चारदां सोडली आहे. नाथषष्ठीला पैठणास जाऊन नाथमहाराजांच्या समाधीपुढें एकदां सोडली. परत येतांना पैठण गेटाशीं गाडींतून उतरलों आणि पहिल्याच टपरीपुढें पाय थांबले. मुलगी जन्मली तेव्हां तिच्या पाळण्याच्या दोरीवर हात ठेवून सोडली होती. ती शपथ बारशापर्यंतहि टिकली नाहीं. या शेवटच्या गोष्टीची आठवण मी कोणाजवळ काढीत नाहीं. येथें काढली आहे ती केवळ क्रम समजावा म्हणून. शपथ मोडली कीं स्वतःची लाज वाटे. लाज वाटली कीं जीव बेचैन होई. आणि बेचैन जिवावरचा माझ्याजवळचा एकुलता एक उपाय त्या दुतोंडी डबींत असे, एका बाजूस तंबाखू आणि दुसऱ्या बाजूस चुना. चुन्यानें तोंडांतली लाळ क्षारयुक्त होते, आणि मग तंबाखूंतलें निकोटिन गालाच्या अस्तरांतून भराभर रक्तांत उतरतें. आमच्या पणजोबांना रसायनशास्त्राचा गंध नव्हता, पण एवढा एक प्रयोग त्यांना निर्दोष साधला होता.

माझी मुलगी पुण्यास नोकरीला असते. तिलाहि एक खोड होती: रात्रीं अकरा वाजून गेले कीं बटाट्याचे वेफर खावयाचे, आणि पुडा रिकामा झाल्यावर स्वतःवर रागवावयाचें. (बापाचा वारसा कोणत्या पदार्थावाटे उतरेल हें सांगतां येत नाहीं.) एके दिवशीं मोबाईलवर तिचा चेहरा दिसूं लागला आणि ती म्हणाली, "बाबा, या वेळीं शपथ घेऊं नका. नुसतें थोपटा." मग तिनें मला तें सगळें करून दाखविलें. तलफ आली कीं प्रथम तिला शून्य ते दहांपैकीं गुण द्यावयाचे. नंतर एका हाताच्या बोटांनीं दुसऱ्या तळहाताची करंगळीकडची कड हलकेंच ठोकीत एक वाक्य तीनदां म्हणावयाचें. मग दोन बोटांनीं क्रमानें भुंवईचा आरंभ, डोळ्याचा बाहेरचा कोपरा, डोळ्याखालचें हाड, नाकाखालीं, हनुवटीवर, गळपट्टीच्या हाडाशीं, काखेखालीं आणि शेवटीं टाळूवर, प्रत्येक ठिकाणीं पांच-सात वेळां थोपटावयाचें, आणि थोपटतांना 'ही तलफ, ही तलफ' असें तिचें नांव घेत राहावयाचें. फेरी संपली कीं पुन्हां गुण द्यावयाचे. गुण उतरले नसतील तर दुसरी फेरी.

आमच्या मंडळी मागें उभ्या राहून हें पाहत होत्या. त्या म्हणाल्या, "ही तर मामंजींची संध्याच कीं!" आणि खरोखरच, माझे वडील रोज पहांटे आचमन करून चोवीस नांवें घेत घेत नाक, डोळे, कान, छाती, मस्तक यांना ज्या चपळाईनें बोटें लावीत त्याचीच ही सावकाश आवृत्ति दिसत होती. मंडळींनीं लगेच जोडलें, "आणि ती संध्या तुम्ही मुंजीनंतर पंधरा दिवसांत सोडलीत, असें सासूबाई सांगत." माझ्या सोडण्याच्या शक्तीचा एवढा एकच पुरावा आमच्या घरांत उपलब्ध होता.

या पद्धतीचें कुळ मीं मग शोधून काढलें. कॅलिफोर्नियांत रॉजर कॅलहन नांवाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. १९८० च्या सुमारास त्यांच्याकडे पाण्याला विलक्षण भिणारी एक स्त्री उपचार घेत होती. भीतीनें पोटांत कसेंसेंच होतें असें ती म्हणाली, तेव्हां चिनी वैद्यकांत पोटाशीं जोडलेला म्हणून मानलेला डोळ्याखालचा बिंदु त्यांनीं तिला ठोकावयास सांगितलें, आणि तिची भीति गेली, असें ते सांगत. त्यांच्यापाशीं शिकलेले गॅरी क्रेग हे स्टॅनफर्डचे इंजिनियर. कॅलहनांच्या पद्धतींत प्रत्येक दुःखाला बिंदूंचा निराळा क्रम होता; क्रेगांनीं इंजिनियरी काटकसरीनें सर्व दुःखांना एकच क्रम लावून दिला, आणि १९९० नंतरच्या दशकांत ही पद्धति जगभर पसरली. ऑस्ट्रेलियांतील पीटा स्टेपल्टन या विदुषीनें खाण्याच्या अनावर इच्छेवर तिचे प्रयोग केले, आणि इच्छा उणावल्याचें नमूद केलें. हें सर्व वाचून मला थोडा हुरूप आला. परंतु त्याच वाचनांत दुसरीहि एक गोष्ट सांपडली. ती मागाहून सांगतों, कारण मलाहि ती मागाहूनच सांपडली.

माझी अडचण बिंदूंची नव्हती, वाक्याची होती. 'माझ्यांत ही तलफ असली तरी मी स्वतःला मनापासून व संपूर्णपणें स्वीकारतों' असें कांहींसें तें वाक्य मुलीनें इंग्रजीवरून करून दिलें होतें. मराठी शिकविण्यांत आयुष्य गेलेल्या मनुष्याच्या जिभेवर हें वाक्य येईना. आपण राजीनामा स्वीकारतों, पदभार स्वीकारतों, हारतुरे स्वीकारतों, क्वचित् पराभव स्वीकारतों. स्वतःला स्वीकारावयाचें म्हणजे कोणाच्या हातून, आणि पोंच कोणाला द्यावयाची? शिवाय मला वाटतें, अडचण केवळ शब्दाची नव्हती. आमच्या घरांत चुकलेल्या माणसानें स्वतःशीं कसें वागावें याची रीत ठरलेली होती. देवापुढें उभे राहिलों कीं आम्ही प्रथम आपल्याच हातानें आपल्याच गालांत मारून घेतों, कान पकडतों. तेंहि एक प्रकारें ठोकणेंच आहे, आणि मीं तें पुष्कळ केलें होतें. पैठणास तर गाल लाल होईपर्यंत केलें होतें. त्याच गालाच्या हाडावर त्याच बोटांनीं हळुवार ठोकून 'मी चांगला आहें' असें म्हणतांना मला आरशांत पाहवेना. चार दिवसांत मीं तो नाद सोडला. तंबाखू सुटली नव्हतीच.

दिवाळींत मुलगी आपल्या पांच महिन्यांच्या बाळाला घेऊन आली. एके दुपारीं बाळ कांहीं केल्या राहीना. दूध झालें, दुपटें बदललें, पोटाला हिंग लावून झाला, तरी रडणें चालूच. आमच्या मंडळींनीं तिला पालथें मांडीवर घेतलें आणि पाठीवर थोपटूं लागल्या. काय झालें असें त्यांनीं विचारलें नाहीं. रडूं नको असेंहि म्हणाल्या नाहींत. नुसतें थोपटीत होत्या आणि प्रत्येक थापेबरोबर म्हणत होत्या, "असूं दे हं, असूं दे, असूं दे." मी शेजारच्या खोलींत होतों. जेवण होऊन अर्धा तास झाला होता आणि माझा उजवा हात, मी वर्तमानपत्र वाचीत असतां, माझ्या परवानगीवांचून टेबलाच्या खणापर्यंत पोंचला होता. तो मीं मागें घेतला आणि गळपट्टीच्या हाडावर ठेवला. पलीकडून जो ताल येत होता तोच बोटांनीं धरला. वाक्य वगैरे कांहीं म्हटलें नाहीं. 'तलफ आली आहे, असूं दे. असूं दे.' एवढेंच. पलीकडचें रडणें केव्हां थांबलें हें मला समजलें नाहीं. घड्याळांत पाहिलें तेव्हां सात मिनिटें झालीं होतीं, आणि खण बंद होता.

'असूं दे' या दोन शब्दांना शब्दकोशांत मोठी जागा नाहीं. पण पडलेल्या मुलाला, सांडलेल्या दुधाला, उशिरां आलेल्या पाहुण्याला आणि दुखऱ्या गुडघ्याला आपल्या बायका हेंच म्हणत आल्या आहेत. त्यांत क्षमा आहे असें म्हणावें तर आरोपच नाहीं. मला स्वतःला 'स्वीकारतों' म्हणतां येत नव्हतें. 'असूं दे' म्हणतां आलें.

त्या दिवसापासून मी तलफेकडे पाहूं लागलों. इतक्या वर्षांत मीं ती भागविली होती, दडपली होती, पाहिली कधींच नव्हती. आमच्या पाणचक्कीचें पाणी पाहिलेल्यांना ठाऊक असेल, कीं हौदांत उंचावरून कोसळणारें तें पाणी तेथलें नव्हेच. तें दूरच्या डोंगरांतून मातीच्या नळांनीं जमिनीखालून आलेलें आहे. तलफहि तशीच दुरून येते. ती तोंडांत उसळते तेव्हां आपणांस वाटतें कीं आतां आली; पण चहाचा कप बशींत ठेवल्याचा आवाज, वर्तमानपत्राची घडी, दुपारीं दोनचें ऊन, कोणा नको असलेल्या नातेवाइकाचा फोन, अशा कितीतरी ठिकाणांहून ती आधींच निघालेली असते. आणि सर्वांत जुना नळ हातांतून येतो. माझ्या डाव्या तळव्याला, तंबाखू नसतांनाहि, अंगठ्याची वाट पाहण्याची संवय होती. थोपटण्यानें त्या दोन हातांना काम मिळालें. मी तंबाखूवर ज्या थापा मारीत असें त्याच थापा आतां स्वतःवर मारीत होतों, एवढाच फरक.

ती चढे, अगदीं टोंकास जाई, आणि कांहीं मिनिटांत उतरे. तलफ ही लाट आहे, तिच्याशीं झगडूं नये, तिच्यावर तरंगत राहावें, असें वॉशिंग्टन विद्यापीठांतले ॲलन मार्लट व्यसनी रुग्णांना शिकवीत. मला पोहतां येत नाहीं, म्हणून मी थोपटतों. पहिले दोन आठवडे तलफ दिवसांतून पंचवीस-तीस वेळां येई आणि मी दहांपैकीं नऊ गुण देई. या काळांत मी दूधवाल्यावर, मोबाईलच्या कंपनीवर आणि एकदां आकाशवाणीच्या निवेदकाच्या उच्चारांवर ओरडलों. झोंप गेली. पोट साफ होईना. निकोटिन सोडणाऱ्यांचें हेंहि एक सर्वसाधारण दुःख आहे, परंतु त्यावर कोणी निबंध लिहीत नाहीं. महिन्याभरांत तलफा आठावर आल्या. आज दिवस दिवस येत नाहींत. आणि येतात तेव्हां दुपारीं दोनलाच.

आतां ती मागाहून सांपडलेली गोष्ट. २००३ सालीं वेट आणि होल्डर या दोघा संशोधकांनीं भीति असलेल्या माणसांचे गट केले. एका गटाला यथाविधि बिंदूंवर ठोकावयास लाविलें, दुसऱ्याला हातावरच्या भलत्याच जागीं, आणि तिसऱ्याला चक्क एका बाहुलीवर. चौथ्याला कांहींच नाहीं. पहिल्या तिन्ही गटांची भीति सारखीच उणावली, चौथ्याची नाहीं. बाहुलीच्या अंगांतून कोणतीहि प्राणशक्ति वाहत नाहीं, याविषयीं दुमत होऊं नये. हें मीं मुलीला कळविलें तेव्हां ती थोडी हिरमुसली. मी मात्र नाहीं. बिंदूंच्या नाड्यांवर माझा विश्वास बसलाच नव्हता, आणि शास्त्राला अजून त्या सांपडलेल्याहि नाहींत. माझी बोटें बरोबर बिंदूवर पडतात कीं दोन अंगुळें बाजूस, हें मीं पाहणें सोडून दिलें. गुण उतरावयाचे ते उतरलेच. बाळाच्या पाठीवर तरी कोण बिंदु मोजून थोपटतो?

प्रामाणिकपणानें आणखी एक सांगितलें पाहिजे. डॉक्टरांनीं मला पहिले दोन महिने निकोटिनचा चघळावयाचा डिंकहि दिला होता, आणि मीं तो चघळला. श्रेय किती डिंकाचें, किती बोटांचें, आणि किती त्या पांढऱ्या चट्ट्याच्या भीतीचें, याची वांटणी मला करतां येत नाहीं. नुसतें थोपटून ज्याचें त्याचें व्यसन सुटतें असें कोणी म्हणेल तर त्याच्या हातीं मी माझा लेख देणार नाहीं. तंबाखूच्या पुडीवर १८००-११-२३५६ हा सरकारी मदतीचा क्रमांक छापलेला असतो. मीं ती पुडी हजारों वेळां फाडली, पण तो क्रमांक वाचला नव्हता. पुडीवरचें चित्रहि मी अंगठ्यानें झांकून घेत असें.

दोनदां माझा पाय घसरला. पहिल्यानें मेहुण्यांच्या अंत्यविधीला, कट्ट्यावर, कोणी तरी न बोलतां तळहात पुढें केला तेव्हां. दुसऱ्यानें अगदीं निष्कारण, श्रावणांतल्या एका ओल्या दुपारीं. पूर्वींचा मी असतों तर घसरलों त्या अर्थीं सगळेंच बुडालें असें म्हणून संध्याकाळीं पुडी आणली असती. दुसऱ्या खेपेला मीं तोंड धुतलें, खुर्चींत बसलों आणि थोपटूं लागलों. तलफेला नव्हे, कारण ती भागलेली होती. त्या लाजेला. तिला मीं दहांपैकीं दहा दिले होते. संध्याकाळीं ती चारावर आली, आणि पुडी आली नाहीं. या घटनेला आतां अकरा महिने होतात. या साऱ्या उद्योगाचा उपयोग मला कोठें झाला असें कोणी विचारलें, तर मी तलफेच्या नव्हे, या संध्याकाळच्या नांवावर तो लिहीन.

तरी एक हिशेब जुळत नाहीं.

आमच्या गल्लींत एक वकीलसाहेब राहतात. बावीस वर्षें आम्ही पहांटे हिमायतबागेंत फिरावयास जात आलों आहों. तीन फेऱ्या झाल्या कीं चिंचेखालच्या बांकावर बसावयाचें. तंबाखू त्यांची, चुना माझा, अशी आमची भागीदारी होती. कारण माझ्याकडचा चुना मऊ, लोण्यासारखा, आणि त्यांच्याकडची तंबाखू अस्सल. घरांत जें बोलतां येत नाहीं तें त्या बांकावर बोललें गेलें. त्यांचा मुलगा घर सोडून गेला तें मला प्रथम तेथें समजलें. माझ्या चट्ट्याविषयीं मीं मंडळींच्या आधीं त्यांना सांगितलें. मीं सोडल्याचें सांगितलें तेव्हां ते "उत्तम झालें" असें म्हणाले, आणि मनापासून म्हणाले. पण दुसऱ्या दिवशीं त्यांनीं डबी काढली आणि संवयीनें माझ्याकडे चुन्यासाठीं हात केला. तो हात कांहीं क्षण तसाच राहिला. मग त्यांनीं तो गुडघ्यावर ठेवला. मीहि गडबडून गळपट्टीच्या हाडावर थोपटूं लागलों, तेव्हां ते म्हणाले, "काय हो, डांस फार झाले का?"

पुढें त्यांनीं स्वतःचा चुना आणावयास आरंभ केला. पण दोन डब्या एका बांकावर असतांना जें बोलणें होई तें एका डबीवर होईना. मळण्याला जो वेळ लागतो त्या वेळांतच माणसें बोलतात, हें मला उशिरां उमगलें. मी रिकाम्या हातानें बसलों कीं त्यांना घाई वाटे. ते मळूं लागले कीं मला दुसरीकडे पाहावें लागे. पावसाळ्यांत ते दिल्ली गेटाकडच्या दुसऱ्या मंडळींत बसूं लागले. मीं कांहीं म्हटलें नाहीं. दोघांचाहि दोष नव्हता. चट्टा माझ्या ओठाखालीं होता, पण पोकळी बांकावर पडली. यावर थोपटून पाहिलें. गुण उतरले नाहींत.

गेल्या महिन्यापासून ते पुन्हां आमच्या बांकावर येऊं लागले आहेत. कां, तें त्यांनीं सांगितलें नाहीं. पुढच्या मंगळवारीं मला तोंड दाखवावयास जावयाचें आहे, हें काल बोलतां बोलतां निघालें. वकीलसाहेब तंबाखू मळीत होते.

"मीहि येतों," ते म्हणाले. "सोबत म्हणून."

"या कीं," मीं म्हटलें.

बराच वेळ त्यांचा अंगठा फिरत राहिला, मग थांबला. "ते ओठ उलटून बघतात का हो?"

"बघतात."

"दुखतें?"

"नाहीं. दिवा मात्र फार जवळ आणतात."

त्यांनीं तळहाताकडे कांहीं वेळ पाहिलें. मग नेहमीप्रमाणें दोन-तीन थापा मारून चिमूट तोंडांत टाकली. वारा माझ्या बाजूला होता. बावीस वर्षांत पहिल्यानें मला शिंक आली.